हाच आपला मसाला

“एकदा खोकून दाखव,” अप्पा म्हणाले.

मी खोकलो.

“इतका नाटकी नको. घशात काहीतरी अडकलंय आणि तुला त्याची लाज वाटतेय, असा.”

मी तसा खोकलो. अप्पांनी खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटून तो खोकला ऐकला. मसाल्याचा घाणा तपासताना ते बसायचे तसेच.

“जमेल,” ते म्हणाले. “आपली वाटी तोंडापाशी आली की एकदाच. पुन्हा नाही. पुन्हा खोकलास तर धारपला संशय येईल.”

रिसबूड मसाले या कंपनीचे संस्थापक, मालक आणि जीभ असलेले अप्पा रिसबूड सकाळी नऊ वाजता आपल्या जाहिरात अधिकाऱ्याकडून खोकल्याची तालीम करून घेत होते. जाहिरात अधिकारी मी. मराठी घेऊन एम. ए. झालो होतो, आणि मिरजेत त्या पदवीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांच्या शेजारी राहायचो, म्हणून मला नोकरी मिळाली. पुड्यांवरचा मजकूर मी लिहायचो. ‘अप्पांची जीभ हीच आमची प्रयोगशाळा’ हे वाक्य माझंच. ते मुंबईच्या एका गुंतवणूकदार फंडाच्या धारपसाहेबांनी वाचलं आणि कळवलं की आम्ही येतोय, ती प्रयोगशाळा आम्हाला बघायची आहे.

यात खोटं काहीच नव्हतं. कंपनीची पद्धतच तशी होती. गोड्या मसाल्याचा प्रत्येक घाणा आधी अप्पांच्या टेबलावर यायचा. अप्पा चिमूटभर तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, हुंगायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि म्हणायचे, “जाऊ दे.” मग तो पुड्यांत भरला जायचा. मसाल्याचं प्रमाण मनोरमाकाकूंचं, म्हणजे अप्पांच्या पत्नीचं. लग्नानंतर काकू स्वयंपाकघरात मसाला करायच्या आणि अप्पा सायकलवरून तो घरोघर पोचवायचे, तिथपासून ही कंपनी. पुढं शेड आली, भट्ट्या आल्या, चाळीस बायका आल्या, तरी प्रमाण काकूंच्या हातात आणि ‘जाऊ दे’ अप्पांच्या तोंडात, ही वाटणी बदलली नव्हती.

फक्त अप्पांचा वास गेला होता.

हे कारखान्यात मला एकट्याला माहीत होतं, आणि तेही अपघातानं. एकदा भट्टीवर खोबऱ्याची अख्खी कढई करपली. वासानं सगळ्या बायका पदर नाकाला लावून अंगणात आल्या. मी अप्पांना सांगायला आत धावलो, तर ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. वर बघून म्हणाले, “आज सगळ्यांना सुट्टी आहे का रे?”

अप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग अंगणातल्या बायकांकडं बघितलं.

“मुकुंद, दार लाव,” ते म्हणाले.

दिवाळीत त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला तो वास घेऊन गेला. जिभेला खारट, गोड, तिखट एवढं कळायचं. बाकी सगळा भुसा.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, येईल. नाहीतर नाही येणार.”

“काकूंना सांगितलंत?”

“तिला कळता कामा नये,” अप्पा म्हणाले. “अरे, आयुष्यभर ती करतेय आणि मी ओळखतोय. माझं दुसरं काय आहे या कंपनीत? हिशेब श्रीरंग बघतो, प्रमाण ती बघते, खोटं लिहायला तू आहेस.”

श्रीरंग त्यांचा मुलगा. पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता आणि घरातही ‘आपली कंपनी’ न म्हणता ‘ऑर्गनायझेशन’ म्हणायचा. जीभ काढून टाकावी आणि यंत्र बसवावं, असं त्याचं म्हणणं. धारपसाहेब येणार म्हटल्यावर त्यानं सरळच सांगितलं, “अप्पा, ते वाट्यांतून आपला मसाला ओळखायला लावणार. ही चाचणी पास झालात तर तुमची पद्धत राहील, ते स्वतःच म्हणालेत. नाहीतर लॅब टाकायची आणि तुम्ही सन्माननीय संस्थापक. सकाळी उठून इथं यायची गरज नाही. घरी आराम करा.”

“घरी बसून काय करू?” अप्पा नंतर मला म्हणाले. “जेवू?”

म्हणून खोकला. ही कल्पना अप्पांची आणि तिच्यात तर्क होता. आमच्याकडं कुणी खोकत नसे. नवीन आलेला माणूस पहिला आठवडा खोकतो, शिंकतो, रडतो, आणि मग त्याचा घसा जन्माचा बधिर होतो. शेजारच्या शेडमध्ये रोज मिरची भाजली जायची आणि आम्ही तिथं बसून डबा खायचो. अशा जागी एखादा खोकला आला तर तो घंटेसारखा ऐकू येणार. पाहुण्यांनाही घसा असतो, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

धारपसाहेब अकराला आले. गोरे, गुळगुळीत आणि अतिशय नम्र. त्यांच्याबरोबर सामंत मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी दारातच रुमाल नाकाला लावला, पण सौजन्य म्हणून लगेच पर्समध्ये ठेवून दिला. हे सौजन्य आम्हाला फार महागात पडलं.

“सिंपल टेस्ट आहे,” धारपसाहेब म्हणाले. “तीन वाट्या. एका मोठ्या कंपनीचा मसाला, तो मी आणलाय. एक तुमचा. आणि एक बाजारातला सुटा, कुठलाही.”

सुटा आणायला मला पिटाळलं. रस्त्यापलीकडं मगदूमचं किराणा दुकान होतं. मी पाव किलो गोडा मसाला मागितला. मगदूम माझ्याकडं संशयानं बघत म्हणाला, “तुमचा संपला काय ओ?” मी हो म्हणालो.

पँट्रीत काकूंनी वाट्या भरल्या. प्रत्येक वाटीच्या बुडाला कशाची आहे ती चिठ्ठी चिकटवली. कुठली वाटी कुठली ते मला विचारावं लागलं नाही. मोठ्या कंपनीचा पिवळट होता, मगदूमचा विटकरी आणि आपला जवळजवळ काळा. ट्रेमध्ये त्या याच क्रमानं होत्या. म्हणजे मी तिसऱ्या वाटीला खोकायचं.

काकू ट्रे घेऊन आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. श्रीरंगनं बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. दारात भट्टीवरच्या चार-पाच बायकाही येऊन थांबल्या होत्या. त्यांना वाटत होतं, अप्पांचा सत्कार आहे.

रंग दिसू नये म्हणून डोळे बांधायचे ठरलं. फडकं मिळेना, तेव्हा श्रीरंगनं गळ्यातला टाय काढला आणि स्वतःच्या हातानं वडिलांच्या डोळ्यांवर बांधला. गाठ मारताना म्हणाला, “घट्ट नाही ना झाली?”

“तुझी कुठलीही गोष्ट घट्टच असते,” अप्पा म्हणाले. बायका हसल्या. धारपसाहेबही हसले.

पहिली वाटी. अप्पांनी चिमूट तळहातावर चोळली, हुंगली, जिभेला लावली. सगळं अगदी साग्रसंगीत. मग थांबले. मी घट्ट तोंड मिटून उभा होतो. खोली शांत होती. अप्पांनी मान हलवली. “हा आपला नव्हे. पुढं.”

धारपसाहेबांनी भुवया उंचावून सामंत मॅडमकडं बघितलं.

दुसरी वाटी. अप्पांनी चिमूट चोळली, हुंगली. त्याच वेळी शेजारच्या शेडमधून भाजक्या मिरचीची एक झुळूक आत आली. आमच्या कुणाच्या ती लक्षातही आली नाही. सामंत मॅडम मात्र कधीपासून श्वास कोंडून उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला, डोळे पाण्यानं भरले, आणि त्या खोकल्या. एकदाच. घशात काहीतरी अडकलंय आणि त्याची लाज वाटतेय, असा. अप्पांना हवा होता अगदी तसा.

“हाच!” अप्पा म्हणाले. “हाच आपला.”

“शुअर?” धारपसाहेब म्हणाले. “तिसरी तरी घेऊन बघा.”

“बघायची गरज नाही. पण तुम्ही म्हणता तर बघतो.”

तिसरी वाटी त्यांच्या नाकाशी गेली आणि मी खोकलो. अप्पांनी जराही लक्ष दिलं नाही. मी पुन्हा खोकलो. मग जे खोकत सुटलो ते क्षयाच्या रोग्यासारखा, टेबलाचा आधार घेऊन. श्रीरंग माझ्याकडं बघून दातओठ खात होता.

“मुकुंद,” अप्पा डोळ्यांवरच्या टायसकट माझ्या दिशेला वळून म्हणाले, “बाहेर जाऊन पाणी पी.” मग काकूंचा मसाला त्यांनी जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि रुमालात थुंकला. “हा वाण्याचा. करपलाय. भुसा नुसता.”

मी काकूंकडं बघितलं नाही. बघवलं नाही असं नव्हे, पण काय बघायचं तेच कळेना.

धारपसाहेबांनी दुसरी वाटी उचलली आणि बुडाची चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा पडला. चांगला माणूस होता. त्याला खरंच वाईट वाटलं. त्यांनी चिठ्ठी वाचायला वाटी श्रीरंगच्या हातात दिली. श्रीरंगनं वाचली आणि हळू आवाजात म्हणाला, “अप्पा, टाय सोडा.”

“काय झालं?” अप्पा म्हणाले. “अरे, काय झालं?” त्यांचे हात डोक्यामागं गाठ शोधत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती.

“चिठ्ठी चुकली,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडं बघितलं. काकू पुढं आल्या आणि दुसरी वाटी त्यांनी श्रीरंगच्या हातातून काढून घेतली.

“माझ्याच हातून झालं. दुसरीची तिसरीला लागली आणि तिसरीची दुसरीला. चष्मा न लावता बसले होते. ह्यांनी ओळखलेला बरोबर आहे. हाच आपला.”

“आई, आपला इतका लाल कधी असतो?” श्रीरंग म्हणाला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मसाल्याचा रंग बघितला, तोही त्याच दिवशी.

“पुडीतला नाही हा. नवीन केलाय,” काकू म्हणाल्या. “तुम्ही बाहेरच्या राज्यांत विकणार म्हणताय ना, म्हणून जरा कमी भाजून बघितला. ह्यांना मागच्या आठवड्यात चाखवला होता. म्हणून तर त्यांनी लगेच ओळखला.”

धारपसाहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी दुसऱ्या वाटीतला चिमूटभर तोंडात टाकला आणि विचार केला.

“माइल्ड आहे,” ते म्हणाले. “कुणालाच त्रास होणार नाही असा. हा बंगळूरला चालेल, इंदूरला चालेल.” मग तिसऱ्यातला चाखला. “आणि हा बघा, वाण्याचा. किती गावठी. लगेच कळतं.”

“कळतं,” काकू म्हणाल्या.

तोवर अप्पांनी टाय सोडला होता. त्यांचे डोळे लाल होते, केस उभे राहिले होते, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. “मी म्हटलं नाही? तोंडात धरताच कळलं. भुसा!” दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सामंत मॅडमनी दुसऱ्या वाटीतला सगळा मसाला एका काचेच्या बाटलीत भरला. झाकण लावून त्यावर लाखेचा शिक्का मारला. यापुढं कंपनीचा मसाला या नमुन्याबरहुकूम निघाला पाहिजे, अशी अट करारात असेल, असं धारपसाहेबांनी समजावून सांगितलं. चव प्रत्येक पुडीत तीच हवी. बाकी पद्धत तुमचीच, अप्पांची जीभ कायम. श्रीरंगनं मान डोलावली. यंत्राचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी मला आत बोलावलं. म्हणजे आता खरं सांगायची वेळ आली, असं मला वाटलं. वाक्यही तयार होतं.

“दुसऱ्या वाटीला फार छान खोकलास,” ते म्हणाले. “अगदी बारीक. बायकी. पण तिसऱ्याला कशाला? सगळं घालवलं असतंस.”

“अप्पा, दुसऱ्या वाटीला मी…”

“ऐक. तुला म्हणून सांगतो.” ते पुढं झुकले. “तू खोकायच्या आधीच मला कळलं होतं.”

“काय?”

“वास आला, मुकुंद. एवढासा. दाराच्या फटीतून उजेड येतो ना, तसा. दिवाळीनंतर पहिल्यांदा.” त्यांचे डोळे भरले होते. “आणि तिसरा जिभेवर ठेवला तर कसा करपल्यासारखा लागला. म्हणजे चवही येतेय. डॉक्टर म्हणाले होते, येईल म्हणून.”

माझं वाक्य तसंच राहिलं. आजतागायत आहे.

कंपनी त्यानंतर वाढली. कशी वाढली ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरात ती पुडी असेल, नसली तर शेजारी असेल. धारपसाहेबांच्या हिशेबतज्ज्ञांना असं आढळलं की नवा मसाला जुन्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि त्यांनी काकूंच्या दूरदृष्टीचं लेखी कौतुक केलं. लाखेच्या शिक्क्याची बाटली मुंबईच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवलेली आहे. येणाऱ्या पाहुण्यांना ती दाखवतात. खाली पितळी पाटी आहे आणि पाटीवरचा मजकूर माझा आहे. अप्पा शेवटपर्यंत रोज सकाळी येऊन बसले आणि त्यांनी एकही घाणा अडवला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारी मी पँट्रीत गेलो, तेव्हा काकू वाट्या विसळत होत्या.

“काकू,” मी म्हणालो, “चिठ्ठ्या बरोबर होत्या.”

“माहितीय मला.”

“मग?”

“मग काय म्हणायला हवं होतं? सांग. तू शिकलेला आहेस.”

काकूंनी वाटी उपडी घातली.

“दिवाळीत भाजणीत ओवा घालायला मी विसरले,” त्या म्हणाल्या. “चकली खाऊन हे म्हणाले, ओवा काय सुरेख उतरलाय. तेव्हाच कळलं. सांगतील म्हणून वाट बघितली. सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नव्हतं. मग मी कशाला विचारू?”

“पण काकू, आता तोच मसाला करावा लागणार. आपला बंद.”

“हो.”

“घरी तरी तुमचा करा.”

“घरी?” त्या पहिल्यांदाच माझ्याकडं वळल्या. “आत्ता येऊन सांगून गेले, आजपासून आमटीला नवाच घाल, मला त्याचा वास येतो. आता काय करू?”

बाहेर अप्पा भट्टीवरच्या बायकांना सकाळची हकीकत सांगत होते. त्यात आता चार वाट्या झाल्या होत्या.

“सोमवारी श्रीरंगला प्रमाण द्यायचंय,” काकू हात पुसत म्हणाल्या. “बाटलीतल्यासारखं. आणि मला तो मसाला येत नाही. जा, मगदूमकडून आणखी पाव किलो आण. आणि त्याला विचार, कुठून घेतो तो. करणाऱ्यालाच जाऊन विचारते.”

मी पुन्हा रस्ता ओलांडला. मगदूम तराजूमागं बसून चहा पीत होता.

“परत?” तो म्हणाला. “एवढा चांगला हाय व्हय?”

“मगदूम, हा कोण बनवतं?”

“कोन न्हाई ओ.”

“म्हणजे?”

“पुड्या येतात की गाडीतनं. वाटंत फुटत्यात. एक न्हाई, धा फुटत्यात. कंपन्या परत घेत न्हाईत. मग टाकू कुठं? सगळा एका डब्यात वततो आनि सुटा म्हून विकतो.”

“सगळ्या कंपन्यांचा? एकत्र?”

“कांदा-लसणाचा डबा येगळा ठेवतो,” मगदूम दुखावल्यासारखा म्हणाला. “आपलंबी काय नियम हाईत की.”

“म्हणजे दर वेळी चव वेगळी?”

“ज्याच्या जास्त फुटल्या त्याची चव.” त्यानं पुडी बांधली, आणि माझं तोंड बघून त्याला माझी दया आली असावी. “तुमच्याबी फुटत्यात अधनंमधनं. तुमचाबी असंल त्यात थोडा.”

मी परत येऊन काकूंना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं, किंवा रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. स्टुलावर बसून पुडी सोडली, चिमूटभर तळहातावर घेतला, अंगठ्यानं हळूहळू चोळला आणि डोळे मिटून नाकाशी धरला.

“आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

“काय?”

“आपला. अगदी थोडा आहे.” त्यांनी तळहात पुन्हा नाकाशी नेला. “बस. बाकीचे कोण कोण आहेत ते बघू.”